परदेशातून जुना कॅमेरा मागवताना

ममिया कंपनीचा 'आरबी 67' हा कॅमेरा 1970 मध्ये जपानात बाजारात आला. आज तो कुणी बनवत नाही. तरीही मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक इथली बरीच तरुण मंडळी सध्या त्याच्या शोधात आहेत. ही मुलं डिजिटलवर वाढली, पण आता घरच्या बाथरूममध्ये काळा पडदा लावून स्वतः रोल धुतात. आपल्याकडे हा कॅमेरा चांगल्या अवस्थेत क्वचित हाती लागतो. टोकियो-ओसाकाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत मात्र तो काचेच्या कपाटात किमतीची चिठ्ठी लावून ठेवलेला असतो. मोबाइलवर त्याचे वीस फोटो पाहता येतात, कार्डाने पैसे भरता येतात आणि पार्सल विमानाने निघतं. मागवावा का, असं मला अनेकांनी विचारलं आहे. दोन्ही बाजूंना दम आहे, म्हणून सगळा हिशेब मांडून उत्तर द्यावं असं वाटलं.

आधी या कॅमेऱ्याची ओढ का, ते पाहू. ती केवळ हौस म्हणून सोडून देण्यासारखी नाही. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एक निगेटिव्ह 24 बाय 36 मिलिमीटरचं असतं. आरबी 67 मध्ये 120 चा रोल लागतो आणि निगेटिव्ह जवळपास 6 बाय 7 सेंटिमीटरचं मिळतं, म्हणजे क्षेत्रफळाने साडेचार पट. भिंतीएवढी प्रिंट काढली तरी चेहऱ्यावरची सुरकुती, लुगड्याचा पोत, ओल्या दगडावरची चमक जागच्या जागी राहते. एका रोलवर दहाच फोटो निघतात, त्यामुळे माणूस थांबून बघायला शिकतो. कॅमेऱ्याची पाठ फिरवली की उभ्याचा आडवा फोटो होतो, कॅमेरा वाकडा करावा लागत नाही. शटर लेन्समध्येच आहे आणि सगळं यांत्रिक आहे, बॅटरी लागत नाही. माणसांची चित्रं काढणाऱ्याला, एखाद्या गावाचं सावकाश दस्तऐवजीकरण करणाऱ्याला यातलं काहीही चैनीचं वाटणार नाही. ज्याच्या कामाला हा कॅमेरा हवा आहे त्याला 'मोबाइल आहे की' असं सांगणं मला पटत नाही.

मग तो इथेच का शोधू नये? शोधावा, आणि आधी इथेच शोधावा. तालुक्यातालुक्यांतल्या फोटो स्टुडिओंनी काही दशकं 120 च्या रोलवर लग्नं, मुंजी आणि शाळांचे ग्रुप फोटो काढले. याशिका, रोलिकॉर्ड, ममियाचे दोन लेन्सवाले कॅमेरे त्या स्टुडिओंत होते, आणि त्यांतले बरेच अजून कुणाच्या तरी कपाटात आहेत. मालक हयात असेल तर तो कॅमेऱ्याची सगळी कुंडली सांगतो: कुठे पडला, कुणी उघडला, कुठला वेग मंद आहे. कॅमेरा हातात घेऊन बघता येतो, रोल घालून तपासता येतो, पैसे समोरासमोर देता येतात, आणि ते पैसे त्याच घरात जातात जिथे त्या कॅमेऱ्याने पन्नास वर्षं अन्न दिलं. ही बाजू मला फार मोलाची वाटते. अडचण हवामानाची आहे. कोकणातला किंवा मुंबईतला चार महिन्यांचा पाऊस लेन्सला सोसत नाही. कातडी पेटीत बंद करून माळ्यावर ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं हमखास धरतं, आणि ते काचेवरचा थर खात गेलं असेल तर साफ करूनही डाग राहतात. शिवाय आरबी 67 सारखा महाग स्टुडिओ कॅमेरा आपल्याकडे मुळातच थोड्या लोकांनी घेतला होता. आयातीवर परवान्यांचं राज्य होतं त्या काळात असा कॅमेरा आणणं सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यामुळे शोधूनही न मिळणं ही बऱ्याच जणांची खरी अडचण आहे.

जपानची गोष्ट वेगळी आहे. हे कॅमेरे तिथेच बनले, तिथल्या स्टुडिओंनी आणि हौशी लोकांनी ते मोठ्या संख्येने घेतले आणि निगुतीने ठेवले. पाऊस आणि दमटपणा तिथेही आहे, म्हणून ओलावा नियंत्रित करणारी विजेवरची कपाटं तिथे अनेक छायाचित्रकारांच्या घरी असतात. जुन्या वस्तूंचा व्यापार करायला तिथे परवाना लागतो आणि त्यासाठी 1949 पासून कायदा आहे. दुकानदार वस्तूला श्रेणी लावतात आणि दोष लिहून देतात: लेन्समध्ये धूळ आहे, किंचित धुकं आहे, बुरशी आहे, कातडं सुटलं आहे. जी वस्तू चालण्याची खात्री नाही ती 'जंक' म्हणून वेगळ्या खोक्यात, वेगळ्या भावात विकतात. हा प्रामाणिकपणा मोठा आधार आहे. पण परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत जाहिरात देणारे सगळेच विक्रेते या शिस्तीतले नसतात. 'जवळपास नवा' असं वर लिहून खाली बारीक अक्षरांत 'लेन्समध्ये बुरशी, फोटोवर परिणाम नाही' असं लिहिणारे भरपूर आहेत. वरचा मथळा सोडून खालचा मजकूर वाचावा, मागच्या बाजूने उजेड टाकून काढलेला लेन्सचा फोटो मागावा, आणि एक सेकंदाच्या वेगावर शटर चालतानाचा व्हिडिओ मागावा. नकार आला तर ते दुकान सोडून द्यावं.

पैशांचा हिशेब लोक हमखास अर्धवट करतात. येन स्वस्त झाला की सगळे जपानकडे वळतात. 2024 च्या जुलैत एका डॉलरला 160 येनांच्या पुढे भाव गेला होता, तेव्हा तर जपान म्हणजे खुलं भांडारच वाटत होतं. पण कॅमेऱ्याच्या किमतीत अडीच किलोच्या आसपासच्या पार्सलचं विमानभाडं आणि विमा मिळवायचा असतो. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बसतो. मग सीमाशुल्क येतं, आणि ते नुसत्या कॅमेऱ्यावर न बसता कॅमेरा, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर बसतं. मूळ शुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि हे सगळं धरून जी रक्कम होते तिच्यावर एकात्मिक जीएसटी, असा तो चढता जिना आहे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या आठवड्याचा दर पाहावा. दोन वर्षांपूर्वी मित्राने किती भरले यावर विसंबू नये. कुरिअर कंपनी शुल्क आधी स्वतः भरते आणि दारात वसूल करते, त्यात तिचं हाताळणीचं शुल्क वेगळं. आधार किंवा पॅनची कागदपत्रं वेळेवर दिली नाहीत तर पार्सल गोदामात पडून राहतं. आणि सदोष निघालेला कॅमेरा विक्रेत्याने परत घेतला तरी भरलेलं शुल्क सरकारकडून परत मिळवणं हा वेगळाच खटाटोप आहे. थोडक्यात, दुकानातली किंमत 60 हजार रुपये असेल तर खिशात तेवढेच ठेवून सौदा करू नये. हा सगळा भार धरूनही परवडत असेल तरच तो सौदा आहे.

याहून कठीण मुद्दा कायद्याचा आहे. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात 'निर्बंधित' वर्गात आहे, म्हणजे तिला सरकारची परवानगी लागते. या नियमामागचं कारण मला योग्य वाटतं. श्रीमंत देशांनी आपला भंगार इलेक्ट्रॉनिक माल जहाजं भरून गरीब देशांत ओतू नये, इथल्या कारखान्यांच्या पोटावर पाय येऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीचा, एका माणसाने स्वतःच्या कामासाठी मागवलेला एक कॅमेरा त्या कचऱ्यात बसत नाही, आणि ज्याचं उत्पादनच जगात बंद आहे त्याने कुठल्या भारतीय कारखान्याचं नुकसान होणार? प्रत्यक्षात अनुभव सारखे नाहीत. कुणाचं पार्सल शुल्क भरून चार दिवसांत सुटतं, तर तसंच दुसऱ्याचं प्रश्नोत्तरांत आठवडे अडकून राहतं. मागवणाऱ्याने ही जोखीम मनाशी धरूनच पैसे भरावेत. ज्याला ते पैसे अडकून राहिलेले सोसणार नाहीत त्याने या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

याच भीतीपोटी एक पळवाट सुचवली जाते, आणि अनेक विक्रेते ती आपणहून देऊ करतात: पावतीवर किंमत कमी लिहू, 'भेटवस्तू' म्हणून पाठवू. याला माझा पूर्ण विरोध आहे. डिसेंबर 2019 पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून शुल्क न भरता वस्तू आणण्याची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे, त्यामुळे 'भेट' लिहून काही साधत नाही. किंमत खोटी लिहिली तर 1962 च्या सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होऊ शकतो, वर दंडही बसू शकतो. पार्सल वाटेत फुटलं तर विमा त्या खोट्या किमतीचाच मिळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अशा प्रत्येक खोट्या पावतीमुळे खरी पावती जोडणाऱ्या पुढच्या माणसाकडेही अधिकारी संशयाने बघतो. प्रामाणिक मागवणाऱ्यांची वाट याच लोकांनी अवघड केली आहे.

दुसरी, आपल्याकडची फार जुनी वाट नातेवाइकांची. पुतण्या कामानिमित्त योकोहामाला आहे, मावसबहीण दिवाळीला येते आहे, 'येताना तेवढा घेऊन ये ना' असं सांगितलं की झालं. या वाटेचे फायदे खरे आहेत. कॅमेरा दुकानात जाऊन डोळ्यांनी बघता येतो, पार्सलची आदळआपट टळते, आणि प्रवाशाच्या सामानाला असलेली करमुक्त मर्यादा लागू होते, मर्यादेपुढच्या किमतीवर शुल्क भरून वस्तू रीतसर आणता येते. पण आपण समोरच्यावर काय लादतो, याचा विचार करावा. अडीच किलोचं धातूचं आणि काचेचं ओझं त्याच्या केबिन बॅगेत जातं, कारण चेक-इन सामानात ते देणं म्हणजे लेन्सशी खेळ. उतरल्यावर सीमाशुल्काच्या लाल वाटेने, म्हणजे वस्तू जाहीर करून, जायचं की हिरव्या, हा निर्णय त्याला घ्यावा लागतो. 'काही होत नाही, सरळ बाहेर ये' असं फोनवर सांगणारे काका नामानिराळे राहतात आणि चौकशी मात्र पंचविशीतल्या मुलाची होते. ज्याला आणायला सांगायचं त्याच्या हाती खरी पावती आणि शुल्काचे पैसे आधी द्यावेत आणि जाहीर करूनच आण असं सांगावं. एवढं करता येत नसेल तर नात्यातल्या माणसाला या कामाला लावू नये.

आता कॅमेरा आला असं धरू. खरी परीक्षा यानंतर होते, आणि याच टप्प्यावर माझं मत ठरलं. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारच्या परिसरात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. अशाच एका कारागिराला जपानहून आलेला आरबी 67 तपासताना मी पाहिलं आहे. त्याने आधी शटरला हातच लावला नाही. दुकानातला दिवा मालवला, लेन्स आणि मागची पेटी काढून आत लहान टॉर्च धरला आणि कॅमेऱ्याचा काळा भाता पूर्ण ताणला. घडीच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके चमकले. त्या ठिपक्यांतून प्रकाश शिरला की प्रत्येक फोटोवर धुरकट पट्टा येणार. मग त्याने फिल्मच्या पेटीच्या खाचेत नख फिरवलं. चाळीस-पन्नास वर्षांचा फोम विरघळून डांबरासारखा त्याच्या बोटाला लागला. शेवटी लेन्सचं शटर एक सेकंदावर लावून त्याने कान जवळ नेला. आतली चक्रं एका लयीत घरघरत गेली पाहिजेत, पण इथे ती मधेच अडखळत होती. जुनं वंगण घट्ट झालं होतं. यातला एकही दोष विक्रेत्याच्या वीस फोटोंत दिसण्यासारखा नव्हता, आणि विक्रेत्याने खोटं लिहिलं होतं असंही नाही. तीनही दोष त्याने काढले, कारण त्याला ते येत होतं. असे हात आता थोडे उरले आहेत, बहुतेकांचे केस पांढरे झाले आहेत आणि मुलं दुसऱ्या व्यवसायात गेली आहेत.

परदेशातून कॅमेरा आणण्याचा आपल्याकडचा इतिहास इथे मला मार्गदर्शक वाटतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून 21 गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती त्यावर टिपली. पण ती फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. कॅमेरा आला होता, बाकीची विद्या अजून समुद्रापलीकडेच होती. दादासाहेब फाळके यांनी पुढची पायरी गाठली. 12 हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी 10 हजार रुपये उभे केले आणि 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना या उद्योगात पडू नका असं सांगितलं, पण त्यांचा निश्चय पाहून चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं. फाळक्यांनी 50 पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. त्याबरोबर त्यांनी कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं यंत्रही मागवलं, आणि स्टुडिओत काम कसं चालतं ते स्वतः पाहून घेतलं. सामान आल्यावर सोबतचं माहितीपत्रक वाचून त्यांनी ते चार दिवसांत उभं केलं. भोकं पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. वर्षभरात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साथीने 1918 मध्ये कॅमेराच स्वतः घडवला.

या तिघांना शेजारी ठेवलं की माझ्यापुरता निर्णय सोपा होतो. बाहेरून वस्तू आणण्यात कमीपणा नाही. फाळक्यांनी आणली म्हणून आपला सिनेमा उभा राहिला. पण त्यांनी कॅमेऱ्याबरोबर त्याला चालवणारी सगळी साखळी आणली, आणि घरच्या माणसांना ती शिकवली. आज जो आरबी 67 मागवतो त्याच्यापुढे साखळीचा तोच प्रश्न आहे. 120 चा रोल बाहेरून येतो. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही आपली सरकारी कंपनी बंद पडली आहे, त्यामुळे इलफर्ड आणि कोडॅक यांच्यावाचून फारसा पर्याय नाही. एका रोलला दहा फोटो, म्हणजे प्रत्येक फोटोला किंमत आहे. धुणं स्वतःला यावं लागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लेन्स कोरडी ठेवण्याची सोय घरी हवी. फोम बदलणं, भात्याची भोकं बुजवणं, निदान एवढं तरी शिकून घ्यावं लागतं.

म्हणून कुणी विचारलं तर मी उलट विचारतो: या कॅमेऱ्यावर पुढचं वर्षभर काय काढणार आहेस? उत्तर नेमकं असेल, उदाहरणार्थ पंढरीच्या वाटेवरच्या माणसांची चित्रं, गिरण्यांच्या चाळी, आपल्याच गावचा बाजार, तर सगळा खर्च आणि धोका पत्करूनही मागव असं मी म्हणतो. नुसतंच 'मिळतोय म्हणून' असं उत्तर आलं तर थांबायला सांगतो. आधी जवळच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला याशिका घे, त्यावर वीस रोल काढ. तोही 120 च्याच रोलवर चालतो, आणि मोठ्या निगेटिव्हची गोडी त्यातून पुरेशी कळते. नवे, दुर्मीळ डिजिटल कॅमेरे बाहेरून मागवण्याबाबत तर माझं मत बरंच कडक आहे. त्यांची वॉरंटी बहुधा त्या देशापुरती असते, जपानी बाजारासाठीच्या काही मॉडेलांचा मेनू फक्त जपानीत असतो, आणि थोडे महिने थांबलं तर तेच इथे मिळतात. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला थांबून उपयोग नाही, कारण तो पुन्हा बनणार नाही. उरलेले दरवर्षी कमीच होणार.

एका गोष्टीसाठी मात्र सरकारकडे आग्रह धरायला हवा. जगात उत्पादन बंद झालेली जुनी छायाचित्रणाची साधनं, एका व्यक्तीला वर्षाकाठी एक किंवा दोन, पूर्ण शुल्क भरून आणि खरी पावती जोडून आणायला स्पष्ट परवानगी असावी. शुल्क माफ करा अशी मागणी मी करत नाही. शाळा आणि रस्ते ज्या पैशांतून होतात ते पैसे हौशीच्या वस्तूने द्यावेतच. नियम सगळ्यांना आधी कळेल असा आणि प्रत्येक कार्यालयात सारखा असावा, एवढीच मागणी आहे. त्याच्या जोडीला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने बोरा बाजारातल्या त्या वयस्क कारागिरांना वर्षातून काही आठवडे मानधन देऊन बोलवावं आणि यांत्रिक शटर उघडून जुळवण्याची विद्या मुलांच्या हाती द्यावी. ते कारागीर काम करताहेत तोवरच हे करता येईल.